चालीच्या ओळीवर बोट

शिरवळच्या फाट्यावर तुम्ही पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभे आहात. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. खंबाटकी उतरून येणाऱ्या ट्रकांची रांग संपत नाही. कानात इंग्वे मालमस्टीनची गिटार आहे, १९८४ सालचा 'रायझिंग फोर्स'. 'इकॅरस ड्रीम सूट' सुरू होतो आणि ड्रमच्या गदारोळाआधी एक संथ, शोकाकुल सुरावट येते. ती मेटलची नाही, हे पहिल्या चार सुरांतच कळतं. ती अल्बिनोनीच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या अडाजिओची आहे.

मेटलवाल्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातून भरभरून घेतलंय. जर्मनीच्या 'ॲक्सेप्ट'ने १९८५ च्या 'मेटल हार्ट'मध्ये चायकोव्हस्की आणि बेथोवन एकाच गाण्यात आणले. 'हायवे स्टार'मधल्या सोलोची स्वरसंगती बाखच्या वळणाची आहे, हे रिची ब्लॅकमोरने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. आणि मालमस्टीनने त्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर आभाराची यादी छापली. तिच्यात बाख आहे, पागानिनी आहे, आणि त्यांच्याच रांगेत जिमी हेंड्रिक्स आणि ब्लॅकमोरही आहेत. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव घ्यायला कुठल्या कायद्याने त्याला भाग पाडलं नव्हतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला ते घ्यावंसं वाटलं.

ही रीत तिकडची वाटते ना? तिची एक बहीण याच रस्त्याने बैलगाडीत बसून पुण्याला गेली आहे. हेडफोन काढा आणि नीरेच्या दिशेने चालायला लागा.

थोड्याच अंतरावर हायवेचे दिवे मागे पडतात. मग डांबर जातं, कारखान्यांच्या भिंती जातात, विजेच्या तारा जातात. धुळीत रुतलेली चाकोरी उरते आणि नदीकडून येणारा मार्गशीर्षाचा गारठा. तळ्याबाजूची जुनी दगडी पाणपोई तेवढी जागेवर आहे, तुमच्या काळात आहे तशीच, खांबांवर भार पेलून. साल १८५५ च्या आसपासचं. साताऱ्याचं राज्य खालसा होऊन सातेक वर्षं झालीत. नीरेकाठी गाड्या सोडलेल्या आहेत, बैल कडबा खातायत, आणि एका गाडीवरच्या ताडपत्रीखालून लाकडी मोराची मान बाहेर डोकावतेय.

हा सरस्वतीचा मोर. गणपतीची सोंडही असेल तिथेच कुठेतरी, आणि राक्षसांचे पोशाख. ही नाटकवाली मंडळी आहेत, सांगलीकडची. पुण्याला निघालेली.

शेकोटीजवळ बसा. कुणी तुम्हाला हटकणार नाही. वाटसरूला विस्तवाशी जागा देणं हे या रस्त्यावर गृहीतच आहे. बोलणी सांगलीची चाललीत. १८४३ च्या नोव्हेंबरात विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, ते तिथले संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातले भागवत खेळ करायला सांगलीत आले होते, ते अप्पासाहेबांनी पाहिले आणि असं काही मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं. १८५१ ला अप्पासाहेब गेले, राजाश्रय सुटला, आणि नाटक पोटासाठी रस्त्याला लागलं. म्हणून तुम्हाला ते आज शिरवळला भेटतंय.

या नाटकात गातो एकटा सूत्रधार. पात्रं त्याच्या पदांवर हालचाल करतात आणि आपापल्या मनचं बोलतात. राक्षस आरोळ्या ठोकतात. शेकोटीपाशी तोच सूत्रधार उद्याचं पद गुणगुणतोय. तुम्हाला त्यात कीर्तनाचं वळण ऐकू येतं, मध्येच आर्येचा झोक. मग चाल अचानक वेगळ्याच दिशेला जाते. गाडीवानांमध्ये अथणीकडचा एकजण आहे. तो मान वर करतो.

"ही आमच्याकडची, बयलाटातली."

"असेल की," सूत्रधार म्हणतो. "तिकडूनच तर आली."

एवढंच. त्याला यात चोरी वाटत नाही आणि मोठेपणाही वाटत नाही. आपल्या नाटकाचा उगम सांगताना भाव्यांनीही त्या भागवतांच्या खेळांचा हवाला दिला. मराठी रंगभूमीच्या जन्मकथेत शेजारच्या भाषेचं नाव पहिल्याच परिच्छेदात येतं, आणि ते तिथे आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

पहाटे गाड्या जुंपतात. तुम्हीही निघा. कात्रजचा घाट उतरून पुण्याच्या पेठांत शिराल तेव्हा मधली पंचवीस वर्षं मागे पडलेली असतील.

३१ ऑक्टोबर १८८०. दिवाळीचे दिवस. बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात तुम्ही गर्दीत रेटून जागा मिळवता. दिव्यांच्या तेलाचा वास, अत्तर, विडा, माणसांचा घाम. पडद्यामागे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर आहेत. कालिदासाचं शाकुंतल त्यांनी मराठीत आणलंय आणि आज त्याचे पहिले चार अंक होणार आहेत. पारशी मंडळींचा गाण्याचा खेळ त्यांनी पाहिला होता. तशा धर्तीचं मराठीत का होऊ नये, हा ध्यास त्यातून लागला. पुन्हा तेच, पाहा: दुसऱ्याचं पाहिलं, भावलं, घेतलं.

पडदा वर जातो आणि थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येतं की नीरेकाठचा तो एकटा सूत्रधार आता संपला. पात्रं स्वतः गातायत. मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत प्रेमात पडतो तोही गाऊन. बाळकोबा नाटेकरांचा कण्व मुलीला सासरी पाठवताना गातो तेव्हा पुढच्या रांगेतले पागोटेवाले डोळे पुसतात. आणि सगळ्या सभागृहाला चाली आधीच ठाऊक आहेत! साकी, दिंडी, अंजनीगीत, लावणी. कीर्तनात ऐकलेलं, घरात बायका म्हणतात ते. मधूनमधून कानडी चाली. किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, कानडी त्यांच्या कानात लहानपणापासून. शेजारचा कारकून शब्द नवे असूनही गुणगुणू लागतो. नव्या शब्दांना जुन्या चालीने आत घेतलं, म्हणून तो पहिल्याच रात्री गातोय. साऱ्या नाटकात अशी दोनशेच्या आसपास पदं आहेत.

आता थोडं पुढे सरका, दोनचार वर्षं. 'सौभद्र' आलंय, 'शाकुंतल' छापून निघालंय. पुस्तक हातात घ्या. कागद जाड, शाई किंचित पसरलेली. कुठलंही पद काढा. पदाच्या डोक्यावर, बारीक टायपात, एक ओळ आहे. तिची सुरुवात एकाच शब्दाने होते: 'चाल'. आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले शब्द.

या ओळीवर बोट ठेवा आणि ते जरा वेळ उचलू नका. तुम्ही आजवर अशा पुस्तकांतली ही ओळ ओलांडूनच पुढे गेला असाल, सगळेच जातात. ती तिथे का आहे? स्वरलेखनाची पद्धत अजून घरोघर पोचलेली नाही. पलुसकर आणि भातखंडे यांचं काम पुढचं आहे. वाईतला किंवा साताऱ्यातला मास्तर नाटक पाहून घरी गेला आणि त्याला पद म्हणायचं असलं तर सूर कसे कळणार? तर त्याला माहीत असलेल्या गाण्याचं नाव सांगायचं. ओळ सोयीची होती. पण सोय म्हणून छापलेल्या त्या ओळीने प्रत्येक पदाचं ऋण उघड्यावर मांडलं. नाटककार दर पानावर सांगत राहिला, ही चाल माझी नाही, तिकडची आहे. नंतर 'सौभद्र'च्या पदांच्याच चाली पुढच्या नाटककारांनी घेतल्या आणि त्यांच्या पुस्तकांत त्या पदांची नावं 'चाल' म्हणून छापली गेली. घेणारा देणारा झाला, आणि दोन्ही वेळा नोंद राहिली. या नाट्यपरंपरेने आपलं घेणं इतक्या नियमाने, इतक्या साधेपणाने छापलं.

आता मुंबई, मार्च १९११. किर्लोस्कर मंडळीचं 'मानापमान' रंगभूमीवर येतंय. नाटक सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व. टेंबे पेटीवाले, वय अवघं एकोणतीस. साकी-दिंडीचा काळ त्यांनी मागे टाकला आणि पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी असा माल मराठी पदात आणला. आधी चाल ठरते, मग खाडिलकर तिच्यात शब्द बसवतात.

हे बसवणं जवळून पाहायचं तर पाच वर्षं आणखी पुढे या, १९१६ मध्ये. गंधर्व नाटक मंडळीचं बिऱ्हाड, 'स्वयंवर'ची तयारी. मध्ये भास्करबुवा बखले बसलेत. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते. आवाज फुटला आणि नाटक सुटलं. मग ते बडोद्याला फैज महंमद खाँकडे, आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे आणि अल्लादिया खाँकडे शिकले. तीन घरची विद्या घेऊन ते परत नाटकवाल्यांत आलेत, आता गुरू म्हणून. भिंतीला टेकून बसा, आवाज करू नका.

बुवा बंदिश म्हणतात. अस्थाई, मग अंतरा. शब्द ब्रजातले. पुन्हा अस्थाई, सावकाश, म्हणजे कवीला समेची जागा धरता येईल. समेवर येणारं अक्षर दीर्घ हवं. जिथून तान निघणार तिथे 'आ' असला तर उत्तम, 'इ' आला तर गळा आवळतो. मुखड्याला पाचच अक्षरं मावतात, सहावं घातलं की ताल मोडतो. कागदावर खोडाखोड होते. एक शब्द अर्थाने सुंदर आहे पण सुरात बसत नाही, तो जातो. हळूहळू ब्रज शब्द गळून पडतात आणि त्यांच्या जागी रुक्मिणी मराठीत बोलू लागते.

आणि इथे एक गोष्ट हरवते. ती खोलीत कुणी बोलून दाखवणार नाही, म्हणून तुम्हालाच नीट ऐकावी लागेल.

बंदिशीचा कर्ता आपलं नाव अंतऱ्यात गुंफतो. अठराव्या शतकात, दिल्लीत महंमदशहा रंगीलेच्या दरबारी, नियामत खाँने 'सदारंग' असं लिहिलं. त्याचा पुतण्या फिरोज खाँने 'अदारंग'. तुकोबांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव ठेवलं, तसंच. वारकऱ्याला अभंग कुणाचा हे विचारावं लागत नाही, कारण तो म्हणतानाच कर्त्याचं नाव तोंडी येतं. श्रेयाची याहून पक्की पद्धत मला माहीत नाही: गाणं जिवंत आहे तोवर नाव जिवंत. पण त्याच पद्धतीची दुखरी बाजू तुमच्यासमोर घडतेय. नाव शब्दांत आहे. शब्द बदलले की नाव गेलं. सूर तेच राहिले, तालही तोच, आणि ज्याने ते पहिल्यांदा रचले त्याची सही पुसली गेली.

म्हणून ती बारीक टायपातली ओळ महत्त्वाची. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून बंदिशीचे पहिले शब्द छापलेले असले तर कुणीही तो धागा धरून मागे जाऊ शकतो. बंदिश शोधावी, जाणत्याकडून पुरी ऐकावी, अंतऱ्यापर्यंत जावं. तिथे सदारंग बसलेला असतो. ओळ काढून टाकली की तो रस्ताच बंद. नंतरच्या काळात पदांचे संग्रह निघाले, तबकड्या निघाल्या, कॅसेटी निघाल्या. राग लिहिला, ताल लिहिला, गाणाऱ्याचं नाव ठळक छापलं. 'चाल' मात्र पुष्कळदा गाळली, किंवा तिच्या जागी 'पारंपरिक' असा एक शब्द टाकला. त्या शब्दाबद्दल मला राग आहे. परंपरा चाली करत नाही. माणसं करतात.

तबकड्यांचं निघालंच आहे तर खोलीच्या कोपऱ्यातला कर्णा पाहून घ्या. तबकडीवर गोहरजान गातेय. तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि लगेच, दम घेण्याआधी, ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. १९०२ ला कलकत्त्यात तिने पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासूनची ही रीत. तबकड्या परदेशात छापायला जात, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून. ही ओळही सोयीचीच होती. आणि तिच्यामुळेच आज तिचा गळा नावानिशी आपल्याकडे आहे.

सगळ्यांना असं नाव सांगायची संधी मिळाली नाही. त्यासाठी बडोद्याला चला.

२० फेब्रुवारी १९१९. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग. राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झालेला नाही. २३ जानेवारीला ते गेले. पदं लिहायची राहिली होती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. नाटकगृहात दारुड्या सुधाकराच्या घराची राखरांगोळी होतेय आणि सिंधूच्या वेषातले बालगंधर्व जात्यापाशी बसलेत. अंगावर फाटकं लुगडं. बाळाला खायला काही नाही. त्या अवस्थेत ते गाऊ लागतात आणि सबंध बडोदं श्वास रोखतं.

त्या चाली कुठून आल्या? पुण्याच्या सुंदराबाई जाधवांकडून. ठुमरी, गझल, लावणी गाणाऱ्या सुंदराबाई, ज्यांना पुढे १९३९ च्या 'माणूस' चित्रपटात लोकांनी आईच्या भूमिकेत पाहिलं. त्यांच्या गळ्यातल्या चाली बालगंधर्वांनी घेतल्या आणि सिंधूच्या तोंडी त्या मराठी घराघरांत गेल्या. विचार करा: ज्या घरांच्या माजघरात अशा गाणाऱ्या बाईला पाऊल ठेवू दिलं नसतं, त्याच घरांत तिची चाल पतिव्रतेचं गाणं म्हणून गायली गेली. मला हे एकाच वेळी फार सुंदर आणि फार अन्यायाचं वाटतं, आणि दोन्हींतलं एकही सोडवत नाही.

आता 'चाल'ची ती ओळ पुन्हा आठवा. तिच्यात मूळ गाण्याचे शब्द असतात. ते गाणं ज्याच्या किंवा जिच्या गळ्यातून मिळालं त्या माणसासाठी तिच्यात जागाच नाही. भास्करबुवांचं नाव जाहिरातीत येतं, कारण ते संगीताचे दिग्दर्शक. कोठ्यावर, बैठकीत, माडीवर चाल शिकवून गेलेल्या बायकांची नावं आठवणींत, गप्पांत, जाणकारांच्या तोंडी टिकली. टिकली तेवढी टिकली. किर्लोस्करांच्या काळात सुरू झालेली एवढी चांगली रीत या एका ठिकाणी अपुरी पडली. ती पुरी करणं अवघड नव्हतं. ओळीत आणखी दोन शब्द मावले असते.

नुसतं नाव लावूनही भागत नाही, ते खरं असावं लागतं. परतीच्या वाटेवर क्षणभर इटलीत डोकावून या, १९५८ साली. रेमो जाझोत्तो नावाचा अभ्यासक एक अडाजिओ छापतोय. अल्बिनोनीच्या हस्तलिखिताच्या तुकड्यावरून ती उभी केली, असं तो सांगतो. जग तिला अल्बिनोनीची म्हणू लागतं. प्रत्यक्षात ती रचना जाझोत्तोचीच, विसाव्या शतकातली. म्हणजे मघाशी शिरवळला तुम्ही ऐकलेले ते सूर अठराव्या शतकातल्या व्हेनिसचे नव्हतेच. मालमस्टीनने बाखचे आणि पागानिनीचे आभार मानले. ज्याच्या सुरावटीने त्याचा सूट सुरू होतो त्या जाझोत्तोपर्यंत तो पोचू शकला नाही, कारण जाझोत्तोने स्वतःच आपली ओळ खोडून दुसऱ्याची लिहिली होती.

शेवटचा मुक्काम मिरज. साल १९३० नंतरचं, उन्हं कलल्यावरची वेळ. सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे वाळत घातलेत, कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढतोय. तार छेडतो, थांबतो, पुन्हा छेडतो. मीरासाहेबांच्या दर्ग्याकडून माणसं परततायत. या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहतात, कैरानाहून येऊन इथले झालेले. एका ओट्यावर फोनो लावलाय आणि भोवती चारपाच जण बसलेत. तुम्हीही टेका.

तबकडी खाँसाहेबांचीच आहे. सुरुवातीचा सूर इतका हळू लागतो की तो कधी लागला ते कळत नाही. मग शब्द ऐकू येतात. मराठी! 'मानापमान'मधलं 'चंद्रिका ही जणू'. बाहेरून चाली गोळा करून मराठी पद झालं, आणि आता किराणा घराण्याचा सर्वांत मोठा गवई ते मराठी पद उचलून आपल्या पद्धतीने गातोय. उच्चार थोडे निराळे. सुरांना मात्र आपल्या घरी आल्यासारखं वाटतंय.

तबकडी संपते. ओट्यावरचा एक पोरगा, बारातेरा वर्षांचा, विचारतो, "आजोबा, हे खाँसाहेबांनी केलंय?"

"गायलंय त्यांनी. पद खाडिलकरांचं, आपल्या सांगलीच्या. चाल गोविंदराव टेंब्यांनी बसवली."

"आणि टेंब्यांनी कुठून घेतली?"

म्हातारा हसत नाही आणि पोराला गप्पही बसवत नाही. तो आत वळून हाक मारतो, "अगं, ते नाटकाचं पुस्तक आहे का फळीवर? बघ जरा. आणि माझा चष्माही दे."